धोंड्यात मिळालेली फटफटी

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी काय हवं विचारलं, तर जावयाने अंगठी मागावी, फार तर घड्याळ मागावं. एवढं साधं ज्ञान मला आमच्या वृषालीने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच देऊन ठेवलं होतं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. सासरवाडीला पुरणाचे धोंडे होतात, तेहतीस अनारशांचं ताट दिव्यासकट जावयाच्या हातात ठेवतात, आणि त्या एका दिवसापुरता जावई देवाच्या जरा खाली आणि बाकी सगळ्यांच्या बराच वर बसतो. इतक्या उंचीवरून माणसाला नीट दिसत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

माझी सासरवाडी घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला. पाचवा धोंडा पोटात गेल्यावर माझे सासरे भिमाजी माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पावणं, लाजायचं न्हाई. काय पायजे ते सांगा."

मी गोठ्याकडे पाहिलं. कडब्याच्या पेंढ्यांखालून एका मोटारसायकलचं हँडल बाहेर आलं होतं आणि त्यावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. सायलेन्सर वर, सीटच्या उंचीला वळवलेला. मडगार्ड चाकापासून हातभर वर. जाड नक्षीचे टायर. डोंगरात, चिखलात, जिथे वाट नाही तिथे जाण्यासाठी केलेली ती जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. मी पंधरा वर्षं ती पाहत होतो, पण पाच धोंड्यांनंतर ती मला पहिल्यांदाच नीट दिसली.

"मामा, ती गाडी द्या," मी म्हणालो.

सासूबाई प्रयागबाई वाढता वाढता थांबल्या. "अगं बया, ती तर कोंबड्यांची हाय."

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अंगठी होती, घड्याळ होतं आणि पुढची तीन वर्षं होती. पण धोंड्यात जावयाने मागितलेलं नाकारता येत नाही आणि जावयाने घेतलेलं परत करता येत नाही. भिमाजी जरा वेळ गाडीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "न्या. पण पावणं, ती चालू व्हत न्हाई. वीस वर्सं झाली."

"दिवाळीला हिच्यावरच बसून येतो," मी म्हणालो. शेजारपाजारचे आठ-दहा लोक ऐकत होते. धोंड्यांवर तूप जरा जास्तच पडलं होतं.

माझ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी नारायणगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि खोडदला राहतो. वीस वर्षं मी लोकांना 'हळू बोला' सांगून पोट भरतोय. गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा आमच्या आळीने माझ्या या पूर्वायुष्याचा पहिल्यांदा फेरविचार केला. प्रत्येकाने येऊन टायरला लाथ घालून पाहिली. टायरला लाथ घातल्याने काय कळतं ते मला आजतागायत समजलेलं नाही, पण घालणारा मात्र गंभीरपणे मान हलवतो. शेजारच्या चांगदेवने दोन लाथा घातल्या, कारण त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे.

"सर, ह्याला एकच माणूस," चांगदेव म्हणाला. "जुन्नरचा शौकतभाई. टू-स्ट्रोकचा डॉक्टर. नुसत्या आवाजावरनं आजार सांगतो."

शौकतभाईंचं गॅरेज जुन्नरच्या पेठेत आहे. गेलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं. सत्तरीचे, सडपातळ, पांढरी दाढी, अंगात निळा डगला. माझ्या नमस्काराकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. ते सरळ गाडीजवळ बसले, सीटखाली हात घालून फ्रेमच्या एका जोडावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा टाका माझा हाय."

चौऱ्याऐंशी साली त्यांनीच ती भिमाजींसाठी बांधली होती. फ्रेम एका गाडीची, इंजिन दुसरीचं, पुढचे शॉकअप तिसरीचे. तेव्हा इथल्या डोंगरात मातीतल्या शर्यती व्हायच्या आणि भिमाजी त्या मारायचे, ही बातमी मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळत होती. मी विचारलं, "माझे सासरे? शर्यतीत?" शौकतभाईंनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी मनातून दुखावलो. मोठा कारागीर असेल, पण ग्रंथपालालाही काही मान असतो.

पुढचे दोन महिने कसे गेले ते वृषालीला विचारा, म्हणजे विचारू नका. रविवारी मी जुन्नरला, उरलेल्या दिवशी गाडीचे अवयव आमच्या घरात. कार्बोरेटर मी तिच्या इडलीपात्रात उकळला, त्यानंतर आमच्याकडे इडली झालेली नाही. कागदपत्रांसाठी एका कार्यालयात खेटे घातले. तिथल्या साहेबांना चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला ठसा हवा होता. मी फ्रेमला नुकताच काळा रंग दिलेला, त्यामुळे ठसा उमटेना. ते म्हणाले, रंग खरवडून आणा. खरवडून नेला. नंबर उमटला, तर म्हणाले गाडीचा रंग उडालाय, पुस्तकात काळी लिहिली आहे, रंगवून आणा. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तेवढ्या नंबरावर वृषालीची टिकली चिकटवून बाकीचं रंगवलं. त्या एका गोष्टीसाठी मला स्वतःचा अजूनही अभिमान वाटतो.

सप्टेंबरात गाडी आमच्या आळीत पहिल्यांदा चालू झाली. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, ते मी प्रेमापोटी थोडं जास्त घातलं होतं. आधी धूर झाला, मग आळी दिसेनाशी झाली. त्या धुरातून चांगदेवचा आवाज आला.

"सायलेन्सर चोंदलाय! वीस वर्सांची काजळी हाय आत. जाळात घालाय पायजे."

हे खरंच आहे. जुने मिस्त्री सायलेन्सर जाळात घालूनच साफ करायचे. पण चांगदेवकडे जाळ म्हणजे गुऱ्हाळाचं चुलवाण. वर काहिलीत रस उकळत होता, खाली आम्ही सायलेन्सर सारला आणि चहा प्यायला बसलो. गप्पा रंगल्या. गुळाची तीन आधणं उतरली तेव्हा चांगदेवच्या बायकोने, गोजरबाईने, बाहेर येऊन विचारलं की गुळाला पेट्रोलपंपाचा वास का येतोय. सायलेन्सर ओढून काढला. आतून लख्ख झाला होता. काजळी गेली, आतली जाळी गेली आणि वेल्डिंगची शिवणही गेली. तीनही आधणांच्या ढेपा गोजरबाईने आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या. त्या गुळाचा चहा आम्ही संक्रांतीपर्यंत प्यायलो. नाकात फटफटी घेऊनच सकाळ व्हायची.

बिनसायलेन्सरची गाडी घेऊन मी जुन्नरला गेलो. ती चालू केली आणि पेठेतल्या लोकांनी कानात बोटं घातली. समोरच्या दुकानातली भांडी मांडणीवर चालायला लागली. शौकतभाई मात्र शांत. त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ दातात धरली आणि डोळे मिटले. मला वाटलं, ही उस्तादाची ढब असेल.

गाडीचा एक रोग काही केल्या जात नव्हता. सात-आठ ठोके नीट पडायचे, मग एक ठोका गिळला जायचा आणि मागून फटाक्कन बार निघायचा. शौकतभाई चार रविवार कार्बोरेटर सोडून बसवत होते. त्या दिवशी त्यांनी स्क्रू अर्धा फेरा फिरवला, उठले आणि पाठ करून फळीवरच्या डब्यात काहीतरी शोधू लागले. तेवढ्यात गाडी आपोआप बंद पडली.

शौकतभाई पाठमोरेच म्हणाले, "ऐका सर. आता कशी गोल वाजतीय."

सगळी पेठ चिडीचूप होती. लांब कुठेतरी मसाला कुटणारं यंत्र तेवढं चालू होतं.

"हो," मी म्हणालो.

ते हातात डबा घेऊन वळले. त्यांनी बंद इंजिन पाहिलं आणि मग मला पाहिलं. डब्याचं झाकण त्यांनी उगाच दोनदा लावलं.

"पेट्रोल संपलं असंल," ते म्हणाले.

"संपलं असेल," मी मान हलवून म्हणालो. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती.

बाहेर पडताना त्यांच्या बायकोने, आमिना भाभींनी, मला कोपऱ्यावर गाठलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. "दोन वर्सं झाली सर, काय ऐकू येत न्हाई. ती लोखंडाची कांडी दातात धरली तर थोडं डोक्यात वाजतं म्हणत्यात. रुबिनानं, आमच्या लेकीनं, पुण्यावरनं कानाचं मशीन आणलं, ते पेटीत ठिवलंय. म्हणत्यात, मिस्त्रीच्याच कानात मशीन दिसलं तर गिऱ्हाईक म्हणंल, आधी ह्याची दुरुस्ती करा." भाभी हसल्या आणि हसताहसताच त्यांनी पदर डोळ्याला लावला. "दिवाळीनंतर दुकानाला कुलूप घालायचं ठरवलंय त्यांनी. पण तुमची गाडी आल्यापासनं रोज सकाळी दाढी कोरून घेत्यात. ही त्यांच्या हातची पहिली गाडी. ही नीट झाली तर कुलूप घातलं तरी हसत घालतील. न्हाई झाली तर माणूस घरात येऊन नुसता बसंल. मला त्याचीच भीती वाटती."

खोडदला परत येताना त्या फटाक्-फटाक् आवाजात मला माझे दुखावलेले नमस्कार एकेक करून आठवले आणि स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून मी ठरवलं की गाडी ठोका गिळते ती माझ्या चालवण्यामुळे. तसं मी सगळ्यांना सांगायला लागलो. वृषाली म्हणाली, "हे मान्य करायला तुला इतके दिवस लागले?" तिला तर यात काही नवीन वाटलंच नाही.

चालवण्याचा सराव म्हणून मी रोज साडेपाचला उसाच्या बांधावरून चक्कर मारायला लागलो. आमच्याकडे साडेपाच ही वाईट वेळ. शाळा सुटलेली असते, पोरं उसाच्या कडेने घरी येतात आणि उसात बिबट्या असतो. त्या आठवड्यात तो दोनदा दिसला होता. माझी चक्कर सुरू झाल्यावर आठ दिवस कुणालाच दिसला नाही. चांगदेवने हिशेब जुळवला.

"सर, बिबट्या तुमच्या त्या बाराला भितोय. फटाक् झालं की त्याला वाटतंय फॉरेस्टवाला आला."

ग्रामसभेत ठराव झाला. सरांनी रोज साडेपाच ते सहा गाडी फिरवावी, सायलेन्सर बसवू नये आणि गाडी नीट करू नये. सूचक चांगदेव, अनुमोदक सगळं गाव. पोरांच्या आया मला दारातून हात करू लागल्या. वीस वर्षांच्या शांततेनंतर माझ्या आवाजाला एवढी किंमत आली होती की मी हेल्मेटखाली मिशीला पीळ द्यायचा प्रयत्न करायचो, जरी मला मिशी नाही.

पंधराव्या दिवशी दारात एक जीप थांबली. तिच्या टपावर काठीसारखी अँटेना होती. खोडदला राहणाऱ्याला गावाशेजारच्या रेडिओ दुर्बिणीच्या, आकाश ऐकणाऱ्या त्या प्रचंड ताटल्यांचं अप्रूप नसतं. आम्ही त्यांच्या सावलीत म्हशी बांधतो. पण तिथलं कुणी आपल्याकडे चालून आलं की छातीत धस्स होतंच. एक तरुण मुलगी उतरली. नाव तेजस्विनी, इंजिनिअर, बोलायला अतिशय गोड, त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

"सर, आमच्या नोंदींमध्ये रोज साडेपाच ते सहा काहीतरी येतंय. आम्ही शोधत शोधत तुमच्या दारापर्यंत आलो."

"आवाज इतक्या लांब जातो?"

"आवाज नाही सर. प्लगमध्ये ठिणगी पडते ना, तिच्यातून रेडिओ लहरी निघतात. जुन्या गाड्यांच्या जरा जास्तच. आम्ही फार लांबचं काहीतरी ऐकत असतो आणि मध्येच तुम्ही येता."

"किती लांबचं?" चांगदेवने विचारलं. तो अर्थातच आला होता.

"तिथून इथे पोचायला त्याला काही कोटी वर्षं लागलीत, काका."

"मग आजून अर्धा तास थांबंल की," चांगदेव म्हणाला.

तेजस्विनी हसली, पण तिने फाइलमधून एक लांबलचक कागद काढून माझ्यासमोर पसरला. जन्मभर मी लोकांना गप्प बसवलं आणि आता खुद्द आकाश मला गप्प बसा म्हणत होतं. मी मान खाली घालून कागद पाहू लागलो. त्यावर उभ्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, कुंपणाच्या काठ्यांसारख्या.

"ही एकेक रेघ म्हणजे तुमच्या गाडीची एकेक ठिणगी," ती म्हणाली. "आणि ही बघा, इथे जागा मोकळी आहे. इथे ठिणगी पडलीच नाही. सात-आठ रेघांनंतर परत तसंच. तुमचा करंट मध्येच तुटतोय बहुतेक."

मी कागद दोन्ही हातांनी धरला. "हा मला द्याल?" मी विचारलं. माझा आवाज असा काही झाला होता की तेजस्विनीने मला आधी बसायला खुर्ची दिली. खुर्ची माझीच होती.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी शौकतभाईंच्या बाकावर पसरला आणि काही न बोलता रेघेवर बोट ठेवून स्पार्क प्लग दाखवला. त्यांनी चष्मा लावला. डाव्या हाताचं बोट पहिल्या रेघेवर ठेवलं आणि उजव्या हाताने बाकावर टकटक सुरू केली. रेघ आली की टक. रेघ आली की टक. मोकळ्या जागेवर हात हवेत थांबला. पुढे गेले. सात टक, आठ टक, पुन्हा हात हवेत. असा तो सगळा कागद त्यांनी डावीकडून उजवीकडे वाचला, एक रेघ न सोडता. दोन वर्षांनी एक इंजिन ते पहिल्यांदा ऐकत होते.

"कार्बोरेटर न्हाई," ते म्हणाले. "माझं चुकलं सर. करंट तुटतोय. कंडेन्सर गेलाय. म्हैनाभर मी भलत्याच जागी मलम लावतोय. ऐकलं असतं तर पयल्या मिंटाला..."

ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला कदीपासनं म्हाईत?"

"पेट्रोल संपलं त्या दिवसापासून," मी त्यांच्याकडे तोंड करून हळूहळू म्हणालो.

"टाकी भरल्याली व्हती."

मी मान हलवली.

शौकतभाई आधी हसले, मग खूप हसले, मग ऑइलच्या फडक्याने डोळे पुसले आणि दोन्ही गालांवर काळे पट्टे ओढून बसले. (हे सगळं मी त्यांच्या परवानगीने लिहितोय. त्यांनी एकच अट घातली आहे, की कंडेन्सरची चूक मिस्त्रीची होती, सरांच्या चालवण्याची नव्हती, हे स्वच्छ लिहायचं. लिहिलं. शिवाय कानाचं मशीन आता पेटीतून बाहेर आलंय. फार बोलणारं गिऱ्हाईक आलं की ते काढून खिशात ठेवतात.)

जुन्या बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी एक कंडेन्सर शोधून काढला. करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, मध्ये पोस्टकार्ड घालून अंतर धरलं. सायलेन्सरची शिवण पुन्हा टाकली. मग हात धुऊन म्हणाले, "सर, माझा पेपर तपासून घ्यायला पायजे. तसला दुसरा कागद मिळंल का?"

मी तेजस्विनीला सगळं खरं सांगून विचारलं. तिने वेळापत्रक काढून पाहिलं. मग म्हणाली, "परवा साडेपाचला आमच्याकडे काम बंद आहे. पाच मिनिटं चालेल. मात्र त्यानंतर मी सांगेन ती टोपी प्लगला बसवायची. लहरी आतच अडवणारी."

गावाने या दुरुस्तीला कडाडून विरोध केला. बार बंद झाला तर बिबट्याचं काय? तेव्हा चांगदेवने ट्रॅक्टरवर लग्नातला कर्णा बांधून रोज साडेपाचला गाणी वाजवायचं कबूल केलं. डिझेलच्या ट्रॅक्टरला प्लगच नसतो, म्हणून तेजस्विनीने मान्यता दिली. तिने गाणी ऐकली असती तर कदाचित दिली नसती.

ठरल्या दिवशी साडेपाचला शौकतभाई स्वतः गाडीवर बसले. आमिना भाभी आमच्या ओट्यावर वृषालीचा हात धरून उभ्या होत्या. बांधावरून ती गाडी गेली आणि आली. मला तर ती नीट वाटली, पण माझं मत कुणी विचारत नव्हतं. सगळे बांधाशेजारी उभ्या असलेल्या तेजस्विनीच्या जीपकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी तेजस्विनी कागद घेऊन जुन्नरला गेली, मीही गेलो. शौकतभाईंनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. टक, टक, टक, टक. हात कुठेच थांबला नाही. कागद संपला तरी ते बाकाच्या कडेपर्यंत टकटक करत गेले. आमिना भाभी मागे उभ्या होत्या. कागद संपलाय हे सांगायला त्यांनी शौकतभाईंची बाही ओढली नाही, तशाच उभ्या राहिल्या.

टोपी बसवल्यावर तिसरा कागद आला. तो कोरा होता. "आता तुम्ही आम्हाला दिसत नाही," तेजस्विनी म्हणाली. शौकतभाईंनी तिन्ही कागद भिंतीवर लावले. दिवाळीनंतर घालायचं ठरलेलं कुलूप त्या कागदांखाली खिळ्याला लटकतंय, अजून तिथेच आहे.

पाडव्याच्या सकाळी गाडी माझ्या दारात उभी होती आणि माझं सासरवाडीतलं वचन माझ्या मानेवर. वृषाली आणि आमिना भाभी एसटीने पुढे गेल्या. दोघी खिडकीतून जरा जास्तच खूश दिसत होत्या. मी किल्ली शौकतभाईंच्या हातात दिली.

"तुमी चालवा," ते म्हणाले. "मागून हॉर्न वाजला तर मला..."

"मी आहे ना मागे," मी म्हणालो.

आम्ही खुणा ठरवल्या. उजव्या बाजूने कुणी येत असेल तर उजव्या खांद्यावर बोट, डाव्या बाजूने आला तर डाव्या. थांबायचं असेल तर दोन्ही. सगळं ठीक असेल तर पाठीवर थाप. नारायणगाव, मंचर, घोडेगाव असं मी त्यांच्या खांद्यांवर बोटं ठेवत गेलो. वीस वर्षं पुस्तकांची कार्डं ठेवून माझी बोटं अशी कधी दमली नव्हती. घोडेगावच्या पुढे डांबर सोडून ते शेतातल्या जुन्या वाटेला लागले. का, ते मला विचारता आलं नाही. ओढ्यातून, बांधावरून, दगडांवरून ती गाडी अशी काही निघाली की मी खुणा विसरून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

सासरवाडीच्या अंगणात सगळा गाव जमला होता. जावई येणार होता तो गाडी चालवत. तो आला मागच्या सीटवर, एका म्हाताऱ्याला मिठी मारून, डोळे मिटून. कुणीतरी हसलं. मी पाहिलं, तर ती वृषाली होती.

भिमाजी ओट्यावरून उतरले. गाडी अजून चालू होती. ते जवळ येऊन मान वाकडी करून ऐकत उभे राहिले. खूप वेळ. मग म्हणाले, "शौकत्या, तशीच वाजतीय रं. चौऱ्याऐंशीला वाजायची तशीच."

शौकतभाईंची मान खाली होती, हात टाकीवर पसरलेला. त्यांना ते ऐकू गेलं नाही. भिमाजी उत्तराची वाट बघत होते आणि सगळं अंगण शौकतभाईंकडे बघत होतं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"म्हाईत हाय," शौकतभाई टाकीवरचा हात न उचलता म्हणाले.

सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन आल्या. जरा थबकल्या, माझ्याकडे पाहिलं, शौकतभाईंकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला आधी ओवाळू लागल्या. मी मागच्या सीटवर माझी पाळी येईपर्यंत बसून राहिलो.